शेणकाला, कत्तलखाना आणि सहकार : डेन्मार्कमधील सामूहिक जैववायू संयंत्रांचा इतिहास (१९७३ ते २०२३)

प्रस्तावना

'गोबरगॅस' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर परसातील विटांची टाकी, तिच्यावरील लोखंडी घुमट आणि स्वयंपाकघरातील निळी ज्योत उभी राहते. भारतातील या विषयाची परंपरा जुनी आहे. मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू मिळविण्याचा प्रयोग झाला होता. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ मध्ये एस. व्ही. देसाई यांनी गुरांच्या शेणावर प्रयोग केले, १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी खेड्यात वापरता येईल असा आराखडा सिद्ध केला आणि साठच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्प सुरू झाला. या दीर्घ वाटचालीत दोन गोष्टी बहुतांशी कायम राहिल्या : संयंत्राचे एकक कुटुंब हे होते आणि त्याचा कच्चा माल शेण हा होता.

युरोपातील डेन्मार्क या लहान देशात मात्र या विषयाने वेगळे वळण घेतले. तेथे संयंत्राचे एकक पंचक्रोशी ठरले आणि जनावरांच्या शेण-मूत्रात कत्तलखान्यांतील व अन्नप्रक्रिया उद्योगांतील सेंद्रिय कचरा मिसळण्याची पद्धत रूढ झाली. हे यश सहसा यंत्रविद्येचे म्हणून सांगितले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन त्याहून निराळे आहे. शेणवायूला आर्थिकदृष्ट्या आपल्या पायांवर उभे केले ते कत्तलखान्याच्या कचऱ्याने, आणि हे दोन पदार्थ एका टाकीत येऊ शकले ते सहकारी संस्था व पाण्याविषयीचे कायदे यांच्यामुळे, असे येथे म्हणावयाचे आहे.

लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) डेन्मार्कमध्ये कौटुंबिक अथवा एका शेतापुरत्या संयंत्राऐवजी सामूहिक संयंत्र का रुजले याची कारणमीमांसा करणे, (२) कत्तलखान्याच्या कचऱ्याचे या व्यवस्थेतील स्थान व त्यातून निर्माण झालेले परावलंबन तपासणे, (३) मालकीच्या स्वरूपात झालेल्या बदलांचा अर्थ लावणे. लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धती स्वीकारली असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

सहकाराची पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व रशियातील स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात येऊ लागले आणि धान्य पिकवून विकणारा डॅनिश शेतकरी संकटात सापडला. त्याने धान्य विकण्याऐवजी ते जनावरांना घालून लोणी व डुकराचे मांस विकण्याचा मार्ग धरला. १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील येडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. १८८७ मध्ये जर्मनीने जिवंत डुकरांची आयात बंद केली आणि त्याच वर्षी हॉर्सेन्स येथे पहिला सहकारी कत्तलखाना उभा राहिला. तेथील खारवलेले मांस इंग्लंडच्या बाजारपेठेत जाऊ लागले.

या इतिहासाचा एक परिणाम पुढे महत्त्वाचा ठरला. कत्तलखाना ही शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणा परक्याची वास्तू नव्हती. ज्याच्या गोठ्यात जनावर वाढले तोच त्या कत्तलखान्याचा सभासद होता. दूध, मांस, खाद्य आणि खते या सर्व व्यवहारांत एक सभासद, एक मत हे तत्त्व त्याच्या अंगवळणी पडले होते. शंभर वर्षांनंतर शेणाची टाकी सामाईक करण्याचा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा संस्था कशी उभारावी, हिशेब कसा ठेवावा आणि भांडण कसे मिटवावे हे नव्याने शिकावे लागले नाही.

तेलसंकट आणि शेतावरील संयंत्रांचे अपयश

१९७३ च्या तेलसंकटाने डेन्मार्कला मोठा हादरा बसला. त्या वेळी देशाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी सुमारे ९० टक्के भाग आयात केलेल्या तेलातून भागविला जात होता. रविवारी मोटारी चालविण्यावर बंदी घालण्यापर्यंत वेळ आली. पुढील दशकात अणुऊर्जेवरून देशात प्रदीर्घ वाद झाला आणि १९८५ मध्ये संसदेने अणुऊर्जेला ऊर्जा-नियोजनातून वगळले. त्यामुळे वारा, पेंढा, लाकूड व शेण या देशी साधनांकडे पाहण्याची गरज अधिक तीव्र झाली.

या काळात अनेक शेतकऱ्यांनी व कारागिरांनी आपापल्या शेतावर जैववायू संयंत्रे उभारली. त्यांपैकी बरीच अल्पजीवी ठरली. पंप तुंबणे, टाकीवर साय धरणे आणि टाकी तापती ठेवण्यातच बराचसा वायू खर्ची पडणे या अडचणी नित्याच्या होत्या. डेन्मार्कसारख्या थंड देशात टाकी ३५ अंश सेल्सियसच्या वर राखावी लागते हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. परंतु खरे कारण आर्थिक होते. तेथील गोठ्यांत शेण व मूत्र पाण्यासह एकत्र वाहून जाते. या पातळ शेणकाल्यात घन पदार्थ जेमतेम पाच ते आठ टक्के असतात. अशा एक घनमीटर काल्यापासून सुमारे २० घनमीटर वायू मिळतो आणि एवढ्यावर संयंत्राचा भांडवली खर्च निघत नाही. भारतातील कौटुंबिक संयंत्राने सरपणाची बचत केली तरी ते सार्थकी लागे. डॅनिश शेतकऱ्याला वायू विकून कर्ज फेडावयाचे होते.

एका शेताच्या मर्यादेतून बाहेर पडण्याचा पहिला प्रयत्न उत्तर जटलंडमध्ये झाला. तेथील प्रांतिक प्रशासनाने गावांच्या ऊर्जा-स्वावलंबनासाठी आखलेल्या योजनेतून १९८४ मध्ये वेस्टर येरमिट्सलेव या गावी पहिले सामूहिक संयंत्र सुरू झाले. त्याची सुरुवातीची वर्षे अडचणीची गेली. तरीही अनेक गोठ्यांतील काला एका ठिकाणी आणून तेथील उष्णता गावाला पुरविण्याची कल्पना त्यातून रुजली.

मेलेली शेवंडे आणि पाण्याचा कायदा

जैववायूला खरी चालना ऊर्जेच्या प्रश्नातून मिळाली त्याहून अधिक पाण्याच्या प्रश्नातून मिळाली. ऑक्टोबर १९८६ मध्ये गिलेलाये या मासेमारी बंदरानजीक कॅटेगाट समुद्रातून मच्छीमारांच्या जाळ्यांत मेलेली शेवंडे आली आणि त्यांची दृश्ये दूरचित्रवाणीवरून देशभर दिसली. समुद्राच्या तळाशी प्राणवायू संपला होता. शेतांतून व सांडपाण्यातून वाहून आलेल्या नायट्रोजन व फॉस्फरसमुळे शेवाळ माजते, ते मरून कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते, हा कार्यकारणभाव त्या दृश्यांमुळे सामान्य नागरिकाच्याही चर्चेचा विषय झाला.

१९८७ मध्ये संसदेने जलपर्यावरण कृती आराखडा मंजूर केला. नायट्रोजनचे उत्सर्जन निम्म्याने व फॉस्फरसचे ८० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट त्यात होते. हिवाळ्यात उघड्या शेतांवर काला पसरविण्यावर निर्बंध आले, तो साधारणतः नऊ महिने साठविण्याची सोय करणे शेतकऱ्यांना भाग पडले आणि जमिनीच्या प्रमाणातच जनावरे ठेवण्याचे बंधन कडक झाले. ज्या देशात माणसांहून अधिक डुकरे होती, त्या देशात याचा अर्थ उघड होता. कालपर्यंत खत असलेली वस्तू आता साठविण्याची, वाहण्याची आणि हिशेब देण्याची वस्तू बनली.

सामूहिक संयंत्राने नेमकी हीच अडचण दूर केली. संयंत्राचे टँकर गोठ्यातून काला उचलत, पचन झालेली स्लरी परतीच्या फेरीत शेतालगतच्या साठवण-टाक्यांत आणून सोडत आणि ज्याच्याकडे जनावरे जास्त व जमीन कमी त्याचा वाढावा धान्य पिकविणाऱ्या शेतकऱ्याकडे पोहोचवीत. पचनानंतर नायट्रोजनचा मोठा भाग पिकाला लगेच घेता येईल अशा अमोनियम स्वरूपात येतो, दुर्गंधी कमी होते आणि पोषणद्रव्यांचे प्रमाण मोजून सांगता येते. म्हणून शेतकरी संयंत्राचा सभासद झाला तो बहुधा वायूसाठी नव्हे, तर साठवण, वाहतूक आणि खत यांसाठी. वायू हवा होता तो नगरांच्या सामूहिक तापनव्यवस्थेला व वीजजाळ्याला.

मिश्रणाचे शास्त्र आणि अर्थकारण

तरीही वायूच्या अल्प उत्पन्नाचा प्रश्न शिल्लक होता. तो सोडविला कत्तलखान्यांनी व अन्नप्रक्रिया उद्योगांनी. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. कत्तलखान्यातील रक्त, हाडे व मांसावशेष यांचा मोठा भाग शिजवून पशुखाद्याचे चूर्ण व चरबी बनविणाऱ्या कारखान्यांकडे जात असे. जैववायू संयंत्राकडे येत असे तो पोटातील व आतड्यांतील अन्नावशेष, तसेच कत्तलखान्याच्या सांडपाण्यावर तरंगणारा चरबीयुक्त गाळ. त्याला मासळी उद्योगातील टाकाऊ भाग, खाद्यतेल गाळण्यासाठी वापरलेली माती अशा पदार्थांची जोड मिळत असे.

चरबी व प्रथिने यांत पचनयोग्य ऊर्जा एकवटलेली असते. जनावराच्या पोटातून गेलेल्या चाऱ्यातील सहज पचणारा अंश जनावरानेच वापरून घेतलेला असतो, आणि शेणात उरतो तो चिवट तंतुमय भाग. त्यामुळे वजनाच्या मानाने चरबीयुक्त गाळापासून शेणकाल्याच्या कित्येक पट वायू मिळतो. मात्र हा कचरा एकटाच टाकीत भरला तर पचन बिघडते. प्रथिनांतून अमोनिया सुटतो, चरबीतून दीर्घ शृंखलेची स्निग्धाम्ले निघतात आणि दोन्हींचे प्रमाण वाढल्यास मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव मंदावतात. शेणकाला या ठिकाणी उपयोगी पडतो. त्यात सूक्ष्मजीवांचा सततचा पुरवठा असतो, आम्लता आवरण्याची शक्ती असते, सूक्ष्म मूलद्रव्ये असतात आणि त्याच्या पातळपणामुळे घातक द्रव्ये विरल होतात. कचऱ्याने काल्याला ऊर्जा दिली आणि काल्याने कचऱ्याला स्थैर्य दिले, असे या संयोगाचे वर्णन करता येईल.

नव्वदच्या दशकातील सामूहिक संयंत्रांत वजनाने सुमारे तीन-चतुर्थांश भाग काला व एक-चतुर्थांश भाग उद्योगांचा कचरा असे ढोबळ प्रमाण आढळते. वायूच्या उत्पादनात मात्र या एक-चतुर्थांशाचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. शिवाय कचरा पुरविणारा उद्योग विल्हेवाटीबद्दल संयंत्राला शुल्क देत असे. कचरा जाळण्यावर व पुरण्यावर सरकारने कर बसविले होते, आणि १९९७ पासून ज्वलनशील कचरा जमिनीत पुरण्यास बंदी झाली. त्यामुळे उद्योगांना जैववायूचा मार्ग स्वस्त पडू लागला. एकाच वस्तूतून वायू आणि शुल्क असे दुहेरी उत्पन्न देणारा हा काळ सामूहिक संयंत्रांच्या भरभराटीचा काळ होता.

राज्यसंस्थेची भूमिका

१९८८ मध्ये ऊर्जा, शेती व पर्यावरण या खात्यांच्या सहकार्याने जैववायू कृती कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे त्याला मुदतवाढ मिळत गेली. भांडवली खर्चाच्या सुमारे २० ते ४० टक्के अनुदान, नगरपालिकेच्या हमीवर दीर्घ मुदतीचे कर्ज, जैववायूला ऊर्जाकरातून सूट आणि विजेसाठी ठरावीक दर असे साह्य त्यात होते. परंतु या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य अनुदानापेक्षा त्याच्या पाठपुराव्यात आढळते. संयंत्रांचे उत्पादन, बिघाड आणि ताळेबंद नियमितपणे गोळा करून प्रसिद्ध केले जात. एका संयंत्राची चूक दुसऱ्या संयंत्राच्या आराखड्यात सुधारली जाई. रीबे व लिनट्रुप (१९९०), लेमविग (१९९२) ही संयंत्रे या क्रमाने उभी राहिली आणि शतकाच्या अखेरीस त्यांची संख्या सुमारे वीस झाली. लेमविगचे संयंत्र परिसरातील सुमारे ७५ शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचे असून तेथील उष्णता शहराच्या तापनव्यवस्थेला पुरविली जाते.

रोगभय आणि नवे निर्बंध

अनेक गोठ्यांतील काला एकत्र करून पुन्हा अनेक शेतांवर पाठविणे म्हणजे रोग पसरविण्याची वाट मोकळी करणे, ही शंका पशुवैद्यकांनी प्रारंभीच उपस्थित केली होती. तिचे निराकरण उष्णतेने करण्यात आले. कचरा ७० अंश सेल्सियसवर एक तास ठेवणे किंवा सुमारे ५२ ते ५५ अंशांवरील पाचक टाकीत ठरावीक काळ राखणे असे नियम झाले आणि विष्ठेतील विशिष्ट जिवाणूंची संख्या मोजून निर्जंतुकीकरणाची खात्री करण्याची पद्धत डेन्मार्कमध्ये विकसित झाली.

१९९६ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या 'मॅड काऊ' रोगाच्या वार्तेने या प्रश्नाला नवे गांभीर्य आले. या रोगास कारणीभूत प्रथिने सामान्य उष्णतेने नष्ट होत नाहीत. डेन्मार्कमधील जनावरात जन्मलेले पहिले प्रकरण २००० मध्ये उघडकीस आले. १ जानेवारी २००१ पासून युरोपीय संघाने पाळीव जनावरांच्या खाद्यात मांस व हाडांचे चूर्ण वापरण्यास बंदी केली आणि २००२ च्या नियमावलीने (अंमल १ मे २००३ पासून) प्राणिजन्य अवशेषांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातील सर्वाधिक धोक्याचे अवशेष जैववायूसाठी निषिद्ध झाले. दुसऱ्या वर्गासाठी १३३ अंश सेल्सियस, तीन बार दाब व वीस मिनिटे अशी प्रक्रिया आवश्यक ठरली. तिसऱ्या वर्गासाठी ७० अंशांवर एक तास पुरेसा मानला गेला. शेण आणि पोटातील अन्नावशेष यांना सौम्य नियम लागू राहिले. २००९ च्या नियमावलीने ही चौकट पुढे चालविली. या निर्बंधांनी मिश्रण थांबले नाही. मात्र कोणता कचरा कोठून आला याची नोंद ठेवणारे शिस्तबद्ध प्रशासन संयंत्रांना उभे करावे लागले आणि लहान संयंत्रांना तो खर्च जड गेला.

तुटवडा, स्पर्धा आणि मालकीचे स्थित्यंतर

जैववायूच्या यशातच त्याच्या अडचणीचे बीज होते. शेणकाला मुबलक होता, उद्योगांचा कचरा मर्यादित होता. संयंत्रे वाढली तसा कचरा मिळविण्यासाठी त्यांच्यात चढाओढ लागली. आधी विल्हेवाटीचे शुल्क घटले, नंतर ते नाहीसे झाले आणि अखेरीस चांगल्या कचऱ्यासाठी संयंत्रांनाच पैसे मोजावे लागले. त्यातच २००१ च्या सत्तांतरानंतर ऊर्जाधोरणाचा रोख बदलला आणि सामूहिक संयंत्रांची वाढ जवळजवळ दशकभर खुंटली.

दुसरी लाट वेगळ्या स्वरूपात आली. २००९ च्या 'हरित वृद्धी' धोरणाने २०२० पर्यंत निम्मा शेणकाला ऊर्जेसाठी वापरण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि २०१२ च्या ऊर्जा-कराराने शुद्ध केलेला जैववायू नैसर्गिक वायूच्या जाळ्यात सोडण्यास अनुदान दिले. यामुळे संयंत्राचे गावाशी असलेले नाते सैल झाले. पूर्वी उष्णता ज्या नगरात खपे तेवढेच संयंत्राचे आकारमान असे, आता देशभरचे वायूजाळे हाच ग्राहक होता. कचऱ्याची उणीव भरून काढण्यासाठी मक्यासारखी पिके टाकीत जाऊ लागली तेव्हा सरकारला त्यांच्या प्रमाणावर मर्यादा घालावी लागली. २०२३ मध्ये देशाच्या वायूजाळ्यातील एक-तृतीयांशाहून अधिक वायू जैववायू होता. ऊर्जेच्या दृष्टीने हे यश निर्विवाद आहे.

मालकीच्या दृष्टीने चित्र तितके सरळ नाही. या लाटेतील सर्वांत मोठी कंपनी 'नेचर एनर्जी' हिचे मूळ फ्यून बेटावरील नगरपालिकांच्या मालकीच्या वायूपुरवठा संस्थेत होते. २०१८ मध्ये ती खासगी गुंतवणूकदारांच्या हाती गेली आणि २०२३ मध्ये सुमारे दोन अब्ज डॉलरना 'शेल' या बहुराष्ट्रीय तेल कंपनीने ती विकत घेतली. १९७३ मध्ये तेलाच्या परावलंबनातून सुटण्यासाठी सुरू झालेल्या प्रयत्नांची अर्धशतकानंतरची एक निष्पत्ती अशी की, शेणापासून मिळणाऱ्या वायूचा मोठा भाग तेल कंपनीच्या मालकीचा झाला. लेमविगसारखी शेतकऱ्यांची संयंत्रे आजही चालू आहेत. पण अनेक ठिकाणी शेतकरी मालक राहण्याऐवजी पुरवठादार झाला आहे. याच्या जोडीला एक मूलभूत आक्षेपही घेतला जातो : मोठ्या संयंत्राला अखंड काला हवा असतो, आणि म्हणून डुकरांची संख्या घटविण्याची जी पर्यावरणीय गरज आहे तिच्या आड हे भांडवल येते.

भारतीय अनुभवाच्या प्रकाशात

या इतिहासाकडे महाराष्ट्रातील वाचकाने पाहताना एक सामाजिक भेद दृष्टिआड करून चालणार नाही. डेन्मार्कमध्ये गोठा व कत्तलखाना एकाच सभासदाचे होते. आपल्याकडे जनावर पाळणारा आणि मेलेल्या जनावराची व्यवस्था लावणारा यांच्यामध्ये जातिव्यवस्थेने भिंत उभी केली. मृत जनावराशी निगडित काम विशिष्ट जातींवर लादले गेले आणि ते काम अस्पृश्यतेचे कारण म्हणून दाखविले गेले. कणकवलीजवळ १९४८ मध्ये गोपुरी आश्रम स्थापन करणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाई व मृत जनावरांचे चर्मकाम यांना प्रतिष्ठा देण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. शेणाला पावित्र्य आणि कत्तलखान्याच्या अवशेषांना विटाळ चिकटलेला असताना दोन्ही एका सहकारी संस्थेच्या ताळेबंदात येणे हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न राहत नाही. साखर कारखाने व दूध संघ उभारणाऱ्या महाराष्ट्राच्या सहकारी चळवळीला संस्थात्मक अनुभव नक्कीच आहे. तो या विषयापर्यंत का पोहोचला नाही, याचा शोध आपल्या समाजरचनेत घ्यावा लागेल.

निष्कर्ष

१. डेन्मार्कमध्ये एका शेतापुरते संयंत्र प्रामुख्याने आर्थिक कारणांनी अयशस्वी झाले. सामूहिक संयंत्र टिकले ते कत्तलखान्यांच्या व अन्न उद्योगांच्या कचऱ्याने वायूचे उत्पन्न वाढविल्यामुळे व विल्हेवाटीचे शुल्क मिळवून दिल्यामुळे.

२. शेतकऱ्याला संयंत्राकडे वळविणारी मुख्य शक्ती ऊर्जा नसून १९८७ नंतरचे जलप्रदूषणविषयक कायदे ही होती. पर्यावरणाच्या कायद्याने निर्माण केलेली गरज ऊर्जाधोरणाने भागविली.

३. सहकारी दुग्धशाळा व कत्तलखाने यांची शतकभराची परंपरा हे या प्रयोगाचे अदृश्य भांडवल होते. ते सोबत न घेता केवळ यंत्र आयात करणाऱ्यांना तसेच फळ मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

४. कचरा ही मर्यादित वस्तू आहे. तिच्यावर आधारलेली व्यवस्था जितकी यशस्वी होते तितकी ती कच्च्या मालासाठी परावलंबी बनते.

५. धोरणाचे माप केवळ वायूचे घनमीटर हे ठेवल्यास उत्पादन वाढते, परंतु मालकी स्थानिक समूहाकडून मोठ्या भांडवलाकडे सरकते.

भारतात २०१८ मध्ये 'गोबरधन' व 'सतत' या योजनांद्वारे मोठ्या जैववायू संयंत्रांकडे लक्ष वळले आहे. अशा वेळी टाकीचे आकारमान ठरविण्यापूर्वी तिचे सभासद कोण असतील आणि कचरा हाताळणाऱ्यांना त्या सभासदत्वात समान स्थान असेल काय, हे प्रश्न आधी विचारले जाणे आवश्यक आहे. डेन्मार्कच्या पन्नास वर्षांच्या इतिहासातून आपण घ्यावयाचा बोध हाच आहे.